चांगला कान

मामाने मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात टाकलं आणि भाचीच्या, चिमणीच्या, कानाखाली काडकन ओढली.

हेडफोन निसटून तिच्या गळ्यात लोंबला. काचेच्या अलीकडे बसलेल्या मिक्सरच्या कानांत तो आवाज जसाच्या तसा शिरला, कारण मायक चालू होता. पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी लाल होऊन वर जाऊन आदळली.

"आता म्हण," मामा म्हणाला.

चिमणीने हेडफोन पुन्हा कानांवर चढवला आणि गायला लागली. घशात अडकलेला श्वास एकदम सुटला आणि त्या श्वासातूनच पहिली ओळ बाहेर पडली. सकाळपासून नुसतं गोडगोड चाललेलं गाणं एकाएकी जिवंत झालं. हरवलेल्या भावाला हाक मारणाऱ्या मुलीचं, एका चित्रपटातलं गाणं होतं ते, आणि आता खरंच कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. मिक्सरच्या अंगावर काटा आला. पण ओळीच्या सुरुवातीलाच रेकॉर्डिंगमधे आवाज फाटला होता, इतका जोर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याचा हात आपसूक पुढे गेला आणि मायकचं आवाजाचं बटण थोडं खाली फिरवून परत आला.

मामाने काचेतून ते पाहिलं. जुन्या जोडीदाराकडे बघून हलवावी तशी मान हलवली. मग वळला आणि चिमणीच्या कानाखाली पुन्हा ओढली.

या वेळी आवाज फाटला नाही.

मिक्सर हे त्याचं खरं नाव नव्हतं, हे सांगायला नकोच. गाणी मिक्स करतो म्हणून मित्रांनी ते ठेवलं आणि ते इमारतभर पसरलं. शेजारच्या काकू पहिल्यांदा त्यांचा जळका मिक्सर घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. दुसऱ्यांदा दुसऱ्या काकू आल्या तेव्हा त्याने गुपचूप पेचकस काढला. गाण्यात नाव व्हायच्या आधी त्याचं भांड्यांत नाव झालं, असं आई येईल त्याला हसत सांगायची.

कुठल्या कंपनीत तो नव्हता. काम येईल तसं घ्यायचं, घरच्या मागच्या खोलीत बसून करायचं. खोली त्याने स्वतःच्या हाताने बांधून काढली होती. भिंतींना जाड फोम, मधे दुहेरी काच, दाराला आतून गादी. इथे बॉम्ब फुटला तरी स्वयंपाकघरात भांडं हलायचं नाही, असं तो गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगे. आणि ते खरं होतं. मामाचा हात दोनदा चालला तेव्हा आई दाराच्या पलीकडे भाजी निवडत बसली होती. तिला काही कळलं नाही.

टेक संपल्यावर मामाने घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं. चिमणी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाणी प्यायली. तिचा गाल लालभडक झाला होता. मिक्सरने तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि उगाचच एक वायर गुंडाळायला घेतली.

"आईबाप गेले तेव्हा एवढीशी होती," मामा म्हणाला. "तळहातावरच्या फोडासारखी जपली मी हिला. पण टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. काय?"

"हो," मिक्सर म्हणाला.

"चित्रपट लागू दे, लोक डोक्यावर घेतील. उद्या शेवटचं कडवं. आजच्यासारखंच पाहिजे."

"बघू."

"बघू काय? तुझं काम झकास आहे. तुला सांगावं लागत नाही."

ते गेले. मिक्सर कामाला बसला. चापट त्याने सर्वांत आधी कापून टाकली, एखाद्याने ताटातला केस उचलून फेकावा तशी. मग श्वासांकडे वळला. दोन ओळींमधले श्वास पुसून काढायचे किंवा दाबून टाकायचे, हा धंद्यातला रिवाज. सगळे श्वास त्याने साफ केले. एकच राहू दिला, पहिल्या ओळीच्या आधीचा. तो काढला की गाणं पुन्हा गोडमिट्ट होत होतं. त्याने तो काढून बघितला, परत आणला, पुन्हा काढला. शेवटी ठेवला. चांगला होता म्हणून ठेवला. तिथे दुसरं काही कारण नव्हतं.

त्याच्या कामाची एक खोड होती. इतर लोक दोन स्पीकरांमधे गाणं पसरवतात, इकडे सतार, तिकडे बासरी. मिक्सर ते सगळं शेवटी एकाच स्पीकरात गोळा करायचा आणि एकाच कानाने ऐकायचा. एका कानाला काही कमी पडत असेल तर पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकं म्हणायची, तुझं गाणं कुठल्याही फुटक्या फोनवर वाजवा, हरवत नाही. त्यांना त्यातलं गुपित ठाऊक नव्हतं. आईला डाव्या कानाने ऐकू येत नसे.

तो कान बापाने फोडला होता. बाप उजव्या हाताचा, त्यामुळे समोरून मारलेलं सगळं डाव्या बाजूला बसायचं. एकदा रक्त आलं, मग पू आला, मग काहीच आलं नाही. बाप जाऊन आता खूप वर्षं झाली. त्याच्या मागे कुणी ऊर बडवून घेतला नाही. आई तर त्या कानावरही विनोद करायची. "लोक या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात," ती म्हणे. "माझं तसं नाही. पलीकडचं दारच बंद आहे. आत आलेलं आतच राहतं."

मिक्सर दिसायला थेट बापावर गेला होता. तेच खांदे, तीच जाड बोटं. आत्या आली की त्याच्याकडे बघत राहायची आणि म्हणायची, "हुबेहूब माझा भाऊ." मिक्सरला ते ऐकून भाताचा घास गिळवत नसे. तेव्हा आई ताट वाढता वाढता सहज म्हणे, "छे, हा डावरा आहे." एवढं म्हटलं की त्याला पुन्हा जेवता येई. आजवर त्याने कुणावर हात उचलला नव्हता. शाळेत मार खाऊन आला, पण उलट मारलं नाही. हीच त्याची सगळी कमाई, आणि ती आईला माहीत होती.

गाणं पुरं करायच्या आधी ते आईच्या कानावर घालायचं, हा घरचा नियम. आईला सुरातलं काही कळत नव्हतं. पण हातातलं काम न थांबवता शब्द कळले तर गाणं पास. मिक्सर स्वयंपाकघरात आला, तिच्या उजव्या बाजूला बसला आणि फोन तिच्या कानाशी धरला. आई शेंगा सोलत होती.

पहिला श्वास आला आणि तिचे हात थांबले. डावा हात उठला आणि डाव्या कानावर, त्या मेलेल्या कानावर जाऊन बसला. गाणं पुढे चालू राहिलं. तिने ओळ ऐकलीच नाही.

"हिला कोण मारतंय?"

"कुणी नाही गं. गाणंच तसं आहे."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस." तिने फोन बाजूला केला. "मार बसला की श्वास असा आत अडकतो. रडू येतं ते नंतर. मला शिकवतोस होय?"

मिक्सर शेंगांकडे बघत राहिला.

"तिचा मामा," तो म्हणाला. "चांगलं गावं म्हणून."

"आणि तू?"

"मी काचेच्या अलीकडे होतो."

आईने एक शेंग उचलली, सोलली, दाणे वाटीत टाकले. मग दुसरी घेतली.

"तुझा बाप सुरू झाला की तू टीव्हीचा आवाज वाढवायचास," ती म्हणाली. "मला वाटायचं, बरंय, पोरगं ऐकत नाही. लहान होतास तू. मी ते कधी मनात धरलं नाही."

ती एवढंच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मिक्सरला तेच झोंबलं. रागावली असती तर काहीतरी बोलता आलं असतं. ते बटण आपण खाली फिरवलं, हे मात्र त्याने आईला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा त्याने गादीचं दार लावलं नाही. उघड्या दारातून कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, शेजारच्या काकूंचा आवाज, सगळं आत येत होतं. असल्या खोलीत रेकॉर्डिंग करणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं.

"दार लाव की," मामा म्हणाला.

"आज उघडं राहील."

"का रे?"

"मामा, आज तुम्ही तिच्यावर हात उचलायचा नाही. ती गाईल तसं गाईल. मी सुधारून घेईन."

मामा हसला, अगदी मनापासून. "काल बटण खाली कुणी केलं? मी केलं? मी मारणार हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू जागा करून दिलीस. बघितलं मी. आणि आज लगेच साधू झालास?"

चिमणीने मान वर करून मिक्सरकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. तिचा गाल आज निळा होता. ती आत जाऊन मायकसमोर उभी राहिली आणि हेडफोन चढवला. मामा तिच्यामागून आत गेला. मिक्सर खुर्चीवर बसला, सवयीने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि काचेतून बघत राहिला.

ती गायली. बरं गायली. मामाने ओठ वाकडे केले आणि घड्याळाचा पट्टा सोडला.

मिक्सर खुर्ची उलथून आत घुसला. तो दोघांच्या मधे उभा राहिला, आणि चिमणीसाठी निघालेला हात त्याच्या कानावर बसला. डोक्यात शिट्टी वाजली. त्या शिट्टीपलीकडे मामाचे ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हते. दुसरा तडाखा नाकावर आला. मायकचा स्टँड धाडकन आडवा झाला.

मग मिक्सरचा डावा हात निघाला.

पहिला ठोसा तोंडावर बसला आणि मामाचा दात मिक्सरच्या बोटात रुतला. मामा फोमच्या भिंतीवर आदळला, घसरला, उठायला गेला. मिक्सरने त्याला कॉलरला धरून पुन्हा मारलं. भुवई फाटली. रक्त फोमवर उडालं आणि फोमने ते शोषून घेतलं. मामाने दोन्ही हात तोंडासमोर धरले, तर तो त्या हातांवर मारत राहिला. बोटं मोडल्याचा आवाज आला, कुणाची ते कळलं नाही. मामा काहीतरी विनवत होता. मिक्सरने गुडघा त्याच्या छातीवर ठेवला म्हणजे नीट मारता येईल. आणि त्याला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं.

"सोडा त्याला!" चिमणी किंचाळत होती. हेडफोनने ती मिक्सरच्याच पाठीवर मारत होती. "मरेल तो! माझा मामा आहे! सोडा!"

ते त्याला दुरून ऐकू आलं, भिंतीपलीकडच्या भांडणासारखं. ही पोरगी आपल्यालाच का मारते आहे, असा एक विचार येऊन गेला. मामा आता हात वर करत नव्हता. मिक्सरने मूठ पुन्हा उचलली.

मागून कुणीतरी त्याचा दंड धरला. पकड घट्ट नव्हती, पण ती त्या हाताला अडवत होती. मिक्सरने झटक्यात हात सोडवला आणि तसाच, मूठ डोक्याच्या वर असताना, गर्रकन वळला.

आई होती, हाताच्या अंतरावर. पदराला पाणी लागलेलं, तशीच उठून आलेली. ती ओरडली नाही, मागेही सरली नाही.  तिची मान खांद्यांत गेली, डोळे मिटले, आणि उजवा हात वर येऊन उजव्या कानावर, त्या एकुलत्या एक चांगल्या कानावर घट्ट बसला.

मिक्सरची मूठ उघडली. हात खाली आला.

"आई," तो म्हणाला. "अगं, मी आहे."

आईने कान तसाच दाबून धरला होता. तिला ते ऐकू गेलं नाही.