लाखभर उघडझाप

मी शटर बोलतेय. दुकानाचं नव्हे. ते लोखंडी शटर सकाळी एकदा वर जातं, रात्री एकदा खाली येतं आणि तेवढ्या दोन कामांसाठी सगळी गल्ली डोक्यावर घेतं. मी कॅमेऱ्यातलं शटर. तुम्ही मला ‘ते’ म्हणता, मी स्वतःला ‘ती’ म्हणते. दार उघडायचं, दार लावायचं, आणि फोटो चांगला आला की नाव दुसऱ्याचं. हे काम बाईचंच.

माझं अंग म्हणजे पात्यांचे दोन पडदे. पाती काळी आणि नखाहून पातळ. बटण दाबलंत की पहिला पडदा सरकतो, उजेड आत येतो आणि दुसरा पडदा मागोमाग येऊन दार लावतो. तुमची पापणी लवायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं. म्हणूनच तुमची लवलेली पापणी माझ्या हाती लागते. पण ते पुढे.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या घाण्यातल्या काही बहिणींना बाजार बघायलाच मिळाला नाही. त्यांना एका टेबलावर बसवलं आणि मोडेपर्यंत उघडझाप करायला लावली. कुठली किती टिकली ते पाहून एक आकडा ठरला: एक लाख. तोच आमच्या माहितीपुस्तकात छापला. आकडा म्हणजे अंदाज. काही जणी निम्म्यातच संपतात, काही दुप्पट चालतात. पण छापलेल्या अंदाजाला माणसं हुकूम समजतात, त्याला मी काय करू?

मला ज्याने घेतलं तो ओळखपत्रांचे, पासपोर्टचे फोटो काढायचा. दुकान एका खोलीचं. पुढे स्टूल, दोन दिवे आणि मागे लावायचं निळं कापड. त्या कापडापलीकडे त्याची बायको शिलाई मशीन घेऊन बसायची. पँटी आखूड कर, चेन बदल, बाही सैल कर, असली कामं. त्यामुळे आयुष्यभर माझा शेजार मशीनचाच. तिच्या सासूच्या वेळचं मशीन, रंग उडालेलं, आठवड्याला दोन थेंब तेल पिणारं. दोन-तीन दुपारी नेटाने शिवलं की त्याचे लाख टाके होतात. दोन-तीन दुपारी. माझं अख्खं आयुष्य.

“एवढ्यात दमतेस?” ते मला म्हणायचं. सासूच्या वेळचं होतं, बोलणंही तसंच.

मी तेव्हा मनातल्या मनात इतरांकडे बघून घेतलं. भिंतीवरचं घड्याळ एक दिवस आणि वर थोडा वेळ टकटकलं की लाख. गल्लीतून जाणाऱ्या मोटारीचं इंजिन तासाभरात लाख फेरे मारून मोकळं. आणि स्टुलावर बसणाऱ्या माणसाच्या छातीत जे चालू असतं ते एका दिवसात लाखाच्या आसपास जातं, झोपेतसुद्धा. त्यांच्यापुढे मी म्हणजे अगदीच नाजूक साजूक, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. इंजिन एकदा फिरायला लागलं की फिरतच राहतं. मी दर वेळी पूर्ण थांबलेली असते, तिथून पूर्ण वेगात उठते आणि पुन्हा जागच्या जागी आपटून थांबते. फिरत राहणाऱ्याला कसले कष्ट? थांबून पुन्हा उठणाऱ्याला विचारा. आणि गंमत बघा, दुकानातल्या उजेडात लाख वेळा दार उघडलं तरी ते उघडं राहिलेला सगळा वेळ मिळून पाव तास भरत नाही. पाव तासात लाख चेहरे. मशीनने शिवून दाखवावेत.

मालकाने माहितीपुस्तक वाचलं आणि माझे दिवस फिरले.

माणूस वाईट नव्हता. जपणारा होता. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला प्लॅस्टिक, नव्या चपलेचं खोकंसुद्धा ठेवलेलं. आधी रिळाचा कॅमेरा होता तेव्हा प्रत्येक फोटोला त्याचा जीव कासावीस व्हायचा. रीळ गेलं, फोटो फुकट झाले. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला न टाकला तोच त्याला माझा आकडा दिसला. झालं. गिऱ्हाइकाला दोन फोटो, त्याच्यावर एक नाही. दुसरा काढला की म्हणायचा, “पुरे.” गल्लीने त्याचं नाव पुरेकाका ठेवलं होतं, आणि खरं नाव विचारलंत तर निम्म्यांना सांगता यायचं नाही.

कॅमेरा फोटोंना देतो ते आकडे दहा हजारांच्या उंबरठ्यावर संपून पुन्हा एकपासून सुरू होतात. ते एकदा फिरले की तो एक बोट मिटायचा. अशी दहा बोटं म्हणजे मी संपले, हा त्याचा हिशोब.

“काका, माझे डोळे मिटलेत यात,” एक मुलगी म्हणाली होती.

“अर्धे उघडे आहेत.”

“अजून एक काढा ना.”

“ओळख पटते ना? पुरे.”

कापडापलीकडून आवाज आला, “अहो, दारावरच्या शिपायाला काय सांगेल ती? थांबा, जरा पेंगून दाखवते, मग पटेल ओळख?” आणि मशीन थांबलं. बायको हसायला लागली की मशीन थांबायचंच. पाय हलवणं आणि हसणं तिला एकदम जमत नसे. तिचं हसू खांद्यापासून सुरू व्हायचं, वर चढायचं, आणि शेवटी एकावर एक चढलेले पुढचे दोन दात दिसायचे. असं ऐकून आहे. कारण मी ते कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या लेकीने कॅमेरा आईकडे वळवला की ती तोंड मिटायची. म्हणायची, “माझ्यावर कशाला घालवता? गिऱ्हाइकाला ठेवा.” आणि नवरा मान डोलवायचा. दोघांचं या एका बाबतीत चांगलं जमायचं.

नववं बोट मिटून झालं होतं त्या सुमाराला तिच्या डाव्या कानाखाली गाठ आली. दहावं मिटलं तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरली होती.

लेक आईबरोबर दवाखान्यात गेली होती. परत आल्यावर तिने काउंटरपाशी उभं राहून बापाला सगळं सांगितलं, म्हणून मलाही कळलं. गाठ साधी होती, पण चेहरा हलवणारी नस तिच्यातूनच जात होती. नस वाचली तर ठीक. कापावी लागली तर डाव्या बाजूचा ओठ जागचा हलणार नाही. मग दुसरी नस जोडून तो हळूहळू पुन्हा उचलता येतो, पण किती उचलायचा, कुठल्या दिशेने, हे डॉक्टरबाईंना कळायला हवं.

“त्या म्हणाल्या, आईचे मोकळं हसतानाचे फोटो आणा. जितके जास्त तितके बरे. नंतर तेच बघून काम करायचं.” लेकीने बापाकडे पाहिलं. “आणि म्हणाल्या, घरात फोटोवाला आहे म्हणता, मग काय, ढीग असेल.”



लेकीने कॉम्प्युटर उघडला. गल्लीतला प्रत्येक चेहरा त्यात होता. मिटल्या डोळ्यांचे, वाकड्या कॉलरचे, शिंक येता येता थांबलेले. आईचे तीन. एकात मान खाली. एकात ओठ घट्ट मिटलेले. एकात नुसता हात, दुसऱ्या कुणाच्या तरी मागचं निळं कापड ताणून धरलेला. लेकीच्या फोनमध्ये कॅमेरा होता, पण तेव्हाचे फोन ते. त्यात आईचा चेहरा भिंतीवरच्या ओलीसारखा उमटला.

दुसऱ्या दिवशी मालकाने बायकोला स्टुलावर बसवलं. दिवे लावले. पदर नीट कर म्हणाला. तिने केला.

“हस.”

“हस म्हटल्यावर कोण हसतं? मी काय नळ आहे?”

“अगं, हस ना जरा.”

तिने ओठ ताणले. त्याने दोन काढले आणि सवयीने कॅमेरा खाली घेतला. मी तिचं तोंड दोन्ही वेळा पाहिलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, भीती मात्र होती.

लेकीने पडद्यावर ते फोटो बघितले. “हे बघून ओठ बसवायचा? असा बसवला तर आई जन्मभर रागावलेलीच दिसेल. बाबा, सलग काढायला लागतील. शेकड्यांनी. हसू येईल तेव्हा कॅमेरा चालू हवा.”

“दहा बोटं झाली गं,” मालक म्हणाला. आवाज अगदी खाली. “आणि पुढच्या आठवड्यात कॉलेजचं काम आहे.” कॉलेजच्या ओळखपत्रांचं काम म्हणजे वर्षातलं सगळ्यात मोठं. त्याच्यासाठी तो महिनाभर मला गरजेशिवाय हातसुद्धा लावत नव्हता. गिऱ्हाइकाला दोनावरून एकावर आणलं होतं.

“राहू दे,” बायको स्टुलावरून उठायला लागली. “आहे ते देऊ डॉक्टरबाईंना. चालवून घेतील.”

  मालकाने कॅमेरा लेकीच्या हातात दिला.

“धर. बोट उचलू नकोस. घालव.”

“काय?”

“सगळं घालव. मोडलं तर मोडलं.”

बायको परत खाली बसली. “काय म्हणालात?”

“बस तू.”

“नाही, परत म्हणा. इतकी वर्षं संसार केला, हा शब्द तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतेय. मग रिमोटचं प्लॅस्टिक पण काढणार?”

“काढतो.”

“आणि सोफ्याचं?”

तो खरोखर विचारात पडला. “सोफ्याचं बघू,” म्हणाला.

आणि तिचे खांदे हलले.

लेकीने बोट उचललं नाही. मी उघडत होते, आपटत होते, उघडत होते. हसू खांद्यांतून वर आलं. मानेत आलं, त्या गाठीवरून गेलं. डावा ओठ उजव्याच्या किंचित आधी उचलला. हे तिला माहीत नव्हतं, नवऱ्याला नव्हतं, कुणालाच नव्हतं. मग दोन दात. मग डोळ्यांतून पाणी. “बघू म्हणे,” ती म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. मी काही थांबवलं नाही. थांबवणं माझं काम नव्हे.

मी त्या दिवशी मोडले नाही. तिथेच मोडले असते तर गोष्ट झोकात झाली असती, पण आम्ही यंत्रं गोष्टीच्या सोयीने मोडत नाही. मी मोडले कॉलेजच्या कामात, एका जांभई देणाऱ्या मुलापुढे. एक पातं खिळ्यातून सुटलं, दुसरं त्याच्यावर चढलं आणि फोटोत अर्धा काळोख आला. मुलगा म्हणाला, “झालं का?” झालं होतं. ज्या फोटोवाल्याशी मालकाचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, त्याच्याकडे जाऊन त्याने कॅमेरा मागून आणला. घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आठवडाभर आधी ते फोटो काढले नसते तर मी कॉलेजचं काम निभावलं असतं का? कदाचित. ते कुणाला सांगता येणार नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

दुरुस्तीवाल्याने मला बाहेर काढलं, जागी नवी बसवली आणि विचारलं, “जुनं हवंय?”

“द्या,” मालक म्हणाला. “असू दे. कधी लागेल.”

ऑपरेशनमध्ये नस वाचली नाही. डॉक्टरबाईंनी ढिगातले काही फोटो निवडले आणि पुढच्या ऑपरेशनच्या वेळी समोर लावून ठेवले. डावा आधी, उजवा मागून, हे त्यांना त्यातूनच कळलं. कितीतरी महिने त्या बाजूला काहीच हललं नाही. मग एके दिवशी सुईच्या टोकाएवढं हललं. डॉक्टरबाईंना दर महिन्याला फोटो हवे असतात, म्हणून दर महिन्याला ती स्टुलावर बसते. डावा ओठ आता मागून येतो, आणि अर्ध्यावर थांबतो. पुढे जाईल की नाही, डॉक्टरबाई सांगत नाहीत.

“अर्ध्याच तोंडाने हसते मी आता,” परवा ती नवऱ्याला म्हणत होती. “निम्मं शटर वाचलं की नाही हो तुमचं?”

 तो बटण दाबतच होता.

मी हे सगळं डब्यातून ऐकते. तिच्या बटणांच्या डब्यात पडले आहे, सुटी बटणं आणि तुटक्या चेनी यांच्यात, पातं अजून तसंच चढलेलं. लेक म्हणते मला काचेत घालून भिंतीवर लावायचं. बाप म्हणतो जपून ठेव. माझं दोघांनाही एकच सांगणं आहे. मला टाका. माझ्यात आता काही नाही. उजेड कधी मी साठवून ठेवला नाही, तो माझ्यातून गेला. आणि त्या नवीला कुणी आकडा विचारत बसू नका. समोर हसणारं माणूस आहे तोवर तिला झिजू द्या, मोडू द्या. तिच्यानंतर आणखी एक मिळते. दुरुस्तीवाल्याकडे खोकीच्या खोकी भरलेली आहेत.