बसून घेतलेलं माप

मी खुर्ची बोलतेय, आणि खरं तर मी हे सांगायला नको. आमच्या शिवणकामाच्या खोलीत एक कडक नियम आहे: इथे घेतलेलं माप दाराबाहेर जात नाही. कुणाची कंबर वाढली, कुणाचा खांदा उतरला, सगळं चार भिंतींच्या आत. पण इतकी वर्षं मी सगळ्यांचा भार मुकाट्याने सोसलाय. आता माझंही जरा ऐका.

लेकीला मशीनवर वाकावं लागू नये म्हणून ताईच्या वडिलांनी मला सुताराकडून बनवून घेतलं. ताई म्हणजे माझी मालकीण. गिऱ्हाइकं तिला ताईच म्हणतात. तिने चिंध्या भरून माझ्यासाठी गादी शिवली, पाठीला जाड कापड चढवलं. त्या कापडात ती टाचण्या खोचते. टोचतात, पण आता सवय झाली.

सकाळी ती माझ्यावर बसली की जेवायलाच उठायची. पुढे पुढे जिना चढताना तिला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, "बसणं कमी करा." झालं! घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिला धरून ठेवलं होतं. अहो, मला पाय चार आहेत, पण हात एकही नाही. मी कुणाला धरणार?

एक दिवस शाळेतल्या खेळाच्या बाई पँट आखूड करून घ्यायला आल्या. म्हणाल्या, "ताई, दहा किलोमीटरची शर्यत आहे. येता का? अजून चार महिने आहेत, हळूहळू सुरुवात करा."

ताईचे धाकटे दीर तिथेच होते. ते टेम्पो चालवतात आणि जीभ त्याहून जोरात चालवतात. "वहिनी आणि धावणार? दोऱ्याचं रीळ घरंगळलं तरी लेकीला हाक मारतात त्या!"

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिला बोलता येईना. तिने एकेक टाचणी काढून माझ्या पाठीत खोचली. इतकी जोरात, की मला कळलं, आज काहीतरी वेगळं आहे.

"नाव लिहा माझं," ती म्हणाली.

धावायला ढिली विजार हवी म्हणून तिने स्वतःच शिवायला घेतली. आणि काय केलं, सांगू? दुसऱ्यांना ती नेहमी ताठ उभं करून माप घेते. स्वतःचं माप मात्र तिने माझ्यावर बसूनच घेतलं! बसल्यावर पोट पसरतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण उठायचा कंटाळा.

पहिल्याच दिवशी, पावाच्या दुकानासमोर, ऐन गर्दीत, विजार घसरली. दोन्ही हातांनी ती धरून ताई घरी आली आणि धपकन माझ्यावर बसली. भाऊजी हसून हसून भिंतीला टेकले. "वहिनी, शर्यत कुणाशी होती? विजारीशी?"

मला वाटलं, संपलं. आता ही रडणार आणि कायमची माझ्यावर बसणार. खोटं कशाला बोलू, मला ते नको होतं. लोक थकले की माझ्यावर बसतात. बसून बसून थकले तरी माझ्यावरच बसतात. त्या थकव्याचा मला वीट आलाय.

पण ताई उठली. तिने विजारीची शिवण उसवली, टेप लेकीच्या हातात दिला आणि खोलीच्या मधोमध ताठ उभी राहिली.

"घे माप. उभी आहे मी."

लेकीने माप घेतलं. आकडा ती मोठ्याने बोलली नाही, मीही सांगणार नाही.

त्या दिवसापासून माय-लेकी रोज सकाळी बाहेर पडू लागल्या. आधी पाण्याच्या टाकीपर्यंत, मग टाकीला वळसा घालून, मग पुलापर्यंत. थोडं चालायचं, थोडं धावायचं. ताईचे पाय भरून यायचे, चेहरा टोमॅटो व्हायचा. तरी दुसऱ्या दिवशी माझी गादी सकाळी गारच असायची.

शर्यतीच्या दिवशी भाऊजींनी मला टेम्पोत घातलं. "वहिनींना अर्ध्यात बसावंसं वाटलं तर?" आणि शेवटच्या वळणावर रस्त्याकडेला मला मांडून ठेवलं. लोक हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी हळूहळू येते. तिने गाठलं की गाडीत चढायचं, शर्यत संपली. सगळे पुढे गेल्यावर ताई वळणावर दिसली. गाडी अगदी तिच्या पाठीशी होती.

ती माझ्यापाशी थांबली. तिचा ओला हात माझ्या पाठीवर पडला.

"बसा की, वहिनी," भाऊजी म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. तिची अवस्था बघून घाबरलेच होते. "पुरे झालं. कुणी काही म्हणणार नाही."

मला बोलता आलं असतं तर ओरडले असते, बसू नकोस गं! मी नुसती माझ्या ढिल्या पायावर डुगडुगले.

ताईने माझ्या पाठीतली एक टाचणी उपटली आणि ओठात धरली. छातीवरच्या नंबराचा एक कोपरा सुटून फडफडत होता. तो तिने सरळ केला, टाचणी लावली.

"तुम्हीच बसा, भाऊजी," ती धापा टाकत म्हणाली. "उभं राहून दमला असाल."

आणि धावली. गाडी मागे, ती पुढे. लेक रस्त्याच्या कडेने ओरडत पळत होती. शेवटच्या कमानीखालून ताई गेली तेव्हा गाडी हातभरच मागे होती. पण मागेच होती. भाऊजी माझ्यावर बसले होते.

आता मी पुन्हा मशीनपुढे आहे. पाय दुरुस्त झालाय, गादी नवी आहे. ताई अजूनही बसते, पण मध्येच उठते, टाकीपर्यंत जाऊन येते. शर्यतीत घामेजलेली ती टाचणी तिने माझ्या पाठीत परत खोचली आहे. थोडी गंजलीय. ती टोचत नाही मला.

म्हणून सांगते, खुर्चीला नावं ठेवू नका. मी कुणाला बसवून ठेवत नाही. माझ्यावरून ज्याला उठायचं असतं ना, त्याला…

"अगं आई, ती खुर्ची आण पटकन दारात! काका पहिल्यांदाच धावून आलेत, आता इथेच आडवे होतील!"

थांबा हं, लेकीने भाऊजींसाठी मला बोलावलंय. तर मी म्हणत होते, ज्याला उठायचं असतं, तो…