‘कट’नंतरची दहा सेकंदं

संकलनात कात्रीमावशीचा हात धरील असं कुणी नव्हतं. वीस वर्षं ती सिनेमे जोडत आली होती आणि तिची एक खोड सगळ्या दिग्दर्शकांनी उचलली होती. ‘कट’ म्हटलं तरी कॅमेरा दहा सेकंद चालू ठेवायचा. का, तर नटीचा खरा चेहरा तेव्हाच सापडतो. घाबरलेल्या बाईचा तर हमखास! त्या दहा सेकंदांवर मावशीने बक्षिसं मिळवली होती.

आज तिच्यासमोर पडद्यावर भाची होती. सख्ख्या बहिणीची पोर. बहीण नको नको म्हणत असताना मावशीनेच शब्द टाकून काम मिळवून दिलं होतं. नवरा बायकोला कोठीत कोंडतो, असा कालचा प्रसंग. कॅमेरा नेहमीसारखा पोरीच्या पायांवरून सावकाश वर गेला. नायकाने मनगट धरलं, ती किंचाळली. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला.

मनगट सुटलं नाही.

पोर आधी हसली. भिडेखातर हसतात तशी. मग हात ओढू लागली. मग तिने थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि मावशीने चित्र तिथेच थांबवलं.

हे डोळे तिने कुठेतरी पाहिले होते. तिने आपला बक्षीसवाला जुना सिनेमा काढला. हाच नायक, तरुणपणीचा. दुसरीच नटी, आणि तसंच धरलेलं मनगट. शंभरदा पाहून मावशी ‘काय अभिनय!’ म्हणाली होती. त्या नटीने पुढे कामच सोडलं, तेव्हा ‘नखरे, दुसरं काय,’ असंही मावशीच म्हणाली होती. मेली अक्कल कुठे शेण खात होती तेव्हा!

आज त्याच कोठीत पुढचा भाग चालला होता. स्टुडिओ तासाभराच्या वाटेवर. भाचीचा फोन बंद. मावशीने दिग्दर्शकाला फोन लावला.

“पोरीला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. तो अभिनय नाहीये.”

“तेच तर, मावशी,” तो हळू आवाजात म्हणाला. “‘कट’ म्हणून पाच मिनिटं झाली. तुमच्या सांगण्याप्रमाणे कॅमेरा चालूच ठेवलाय.”

त्याच्या मागून पोरीचा आवाज आला. ती दार बडवत हाका मारत होती, मावशी, मावशी.

“हे संवादात नव्हतं,” दिग्दर्शक खुशीत म्हणाला, “पण राहू द्या.”