बहात्तरच्या आत

रविवारी सकाळी सात वाजता माझी बायको काट्यावर उभी राहिली आणि दांडी एकोणऐंशीवर स्थिर झाली. मागच्या रविवारीही एकोणऐंशीच होती. तिने एक पाय उचलून पाहिला, कानातल्या रिंगा काढून पाहिल्या, श्वास सोडून पाहिला. दांडी जागची हलली नाही. मग ती खाली उतरली, बूट घातले आणि दारातूनच मला म्हणाली, "चला. आज टेकडीच्या दोन फेऱ्या."

"आणि नाश्ता?"

"कसला नाश्ता? आकडा पाहिलात ना?"

पाहिला होता. आकडा खोटा होता, आणि तो खोटा मी केला होता. तिचं खरं वजन त्या दिवशी चौऱ्याहत्तरच्या आसपास होतं. मी मुकाट्याने बूट शोधायला लागलो.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. एकतीस वर्षं हेच करतोय. भाजीवाल्याच्या तागडीपासून भरलेला ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळं या हाताखालून गेलंय. शंभर ग्रॅम इकडे, दोनशे तिकडे कर म्हणून लोक आडून आडून सुचवायचे. एकाने तर सरळ विचारलं होतं, तेव्हा त्याचा काटा तसाच उघडा टाकून मी निघून आलो होतो. बाजारात लोक म्हणतात, हा माणूस तिरसट आहे पण याचा काटा सरळ आहे. एवढीच काय ती माझी इस्टेट.

घरातला काटा एका बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलेला आहे. उभा, लोखंडी, दांडीवर वजन सरकवायचं आणि आकडा वाचायचा. हल्लीच्या काचेच्या चपट्या काट्यांवर माझा विश्वास नाही, आणि माझा नाही म्हणून बायकोचाही नाही.

हे सगळं सुरू झालं मेहुण्यांमुळे. मेहुणे म्हणजे तिचे मोठे भाऊ, तिचे दादा. आई लवकर गेली, तेव्हा यांनीच हिला वाढवलं. शाळा सोडून ट्रकवर गेले आणि हिला शिकवलं. आता त्यांची दोन्ही मूत्रपिंडं बसली आहेत. आठवड्यातून तीन दिवस मशीनला लावून रक्त साफ करून घ्यावं लागतं. तपासण्या झाल्या, हिचं मूत्रपिंड जुळलं. पण मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारून सांगितलं, "वजन त्र्याऐंशी, साखर काठावर. अशा बाईचं मूत्रपिंड मी काढणार नाही. चार महिन्यांत बहात्तरच्या आत आलात तर बोलू. नाही तर विषय संपला."

बाहेर आल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. एकावन्न वर्षांची धडधाकट बाई टेबलावर झोपवायची, कुशीत चिरायची, आतला अवयव काढायचा. आणि ती परत डोळे उघडेल याची खात्री कोण देणार? मला भीती वाटत होती. ती सांगायची सोडून मी काय म्हणालो? म्हणालो, "या वयात सुटलेलं पोट असं सांगून आत जातं होय? तुला काही जमायचं नाही."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "जमवून दाखवते," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून साखर बंद, पाव बंद, भात मूठभर. सकाळी टेकडी, संध्याकाळी जिने. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. ती वर आली की परत खाली जायची, पुन्हा वर. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, "काही विसरलात का हो?" ही म्हणाली, "हो, वजन." मलाही तिने बरोबर ओढलं. "तुम्ही पण चला. शर्टाची बटणं बघा, जीव मुठीत धरून बसलीत." मी धापा टाकत मागे, ती पुढे. तीन आठवड्यांत ती ऐंशीवर आली.

माझं धाबं दणाणलं. ही खरंच बहात्तरला पोचणार.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती कामावर असताना मी काटा उघडला. दांडीवरच्या सरकत्या वजनाच्या पोटात एक छोटा कप्पा असतो, त्यात शिसं भरलेलं असतं. त्या शिशानेच वजन बिनचूक होतं. त्यातलं थोडं काढलं की सरकतं वजन हलकं होतं, आणि माणूस आहे त्यापेक्षा जड दिसतो. नवशिक्या असता तर त्याने शून्य हलवलं असतं आणि रिकाम्या काट्यावरच पकडला गेला असता. मी शून्य जागच्या जागी ठेवलं. काम नजर लागण्यासारखं झालं होतं. हात मात्र धुऊन धुऊन लाल केले.

माझा हिशेब सोपा होता. आकडा हलत नाही म्हटल्यावर कोणीही कंटाळतं. पंधरा दिवस, फार तर महिना, मग ती म्हणेल, जाऊ दे, नाही होत. हॉस्पिटलच्या काट्यापर्यंत ती जाणारच नाही. मेहुण्यांसाठी दुसरी काही तरी सोय होईल. अवयव मिळण्याच्या यादीत नाव आहेच त्यांचं. असं मी स्वतःला समजावत होतो.

सव्वीस वर्षं संसार करून मला एवढं कळू नये? ऐंशी, ऐंशी, पुन्हा ऐंशी. ती कंटाळली नाही. तिने मूठभर भात अर्ध्या मुठीवर आणला. रात्रीचं जेवण सोडलं. टेकडीची एक फेरी होती ती दोन झाली. मी आणखी शिसं काढलं. तिने सकाळचं दूध सोडलं. मी पुन्हा काढलं. तिला बसवत नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी उभी, टीव्हीपुढे उभी, फोनवर बोलताना या खोलीतून त्या खोलीत. अंथरुणात पडल्या पडल्याही तिचे पाय चालायचे. आणि मलाही कुठे चैन होती? भाजीबाजारात काटे तपासताना माझी बोटं आपोआप कप्प्याच्या झाकणाकडे जायची. गिऱ्हाइकावर उगाच खेकसायचो.

तिचे कपडे ढगळ झाले होते. एकदा आरशापुढे कमरेजवळचं कापड मुठीत धरून ती म्हणाली, "हे बघा केवढं सैल. मग काटा का नाही उतरत?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कापड ताणतं."

"तेच म्हणते मी. कापडाचं काय सांगावं. तुमचा काटा थोडाच खोटं बोलणार आहे." आणि ती जिन्याकडे गेली.

त्या वेळी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. अकराव्या आठवड्यात ती बहात्तरच्या आत आली, हे जगात फक्त मला माहीत होतं. शिसं एकदम परत भरावं तर आकडा सहा-सात किलोंनी धाडकन उतरला असता आणि मी उघडा पडलो असतो. थोडं थोडं भरावं तर ती ऑपरेशनच्या टेबलावर पोचणार होती. न भरावं तर ती उपाशी मरत होती. एवढं कळूनही रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज संध्याकाळी ठरवायचो की उद्या. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं मी तिच्यापुढे शेंगदाणे ठेवायचो, सफरचंद कापून ठेवायचो. ती म्हणायची, "तुम्ही माझे शत्रू आहात की काय?"

एका संध्याकाळी मेहुणे आले. पाय सुजलेले, चेहरा पिवळा, पण जिभेला तीच धार. तिला पाहिलं आणि दारातच थबकले. "अगं, काय ही दशा! गालफडं बसली की."

"काटा तसं म्हणत नाही, दादा. सत्याहत्तर."

"मग काटा बिघडलाय तुझा."

"यांचा काटा?" ती हसली. "दादा, यांनी स्वतः तपासलाय."

मेहुणे मला नेहमी काटेवाले म्हणतात. ते माझ्याकडे वळले. "काटेवाले, हिला आवरा हो. माझं काय, मी पासष्टीला आलोय. हिचं काही कमीजास्त झालं तर मला ते मूत्रपिंड घेऊन जगायचं कसं?"

मी कपातला चहा ढवळत राहिलो. त्यात साखर नव्हतीच. हा माणूस मोठ्याने बोलत होता ते माझ्याच मनातलं होतं, पण त्याने ते तिच्या तोंडावर सांगितलं आणि मी ते चोरासारखं काट्यात घातलं. तिने भावाला दटावलं, "तू गप्प बस. तू ट्रक चालवताना मला विचारलं होतंस का?" आणि ती उभ्या उभ्याच त्यांना औषधं काढून द्यायला लागली.

हॉस्पिटलची तारीख दोन आठवड्यांवर आली, तेव्हा घरच्या काट्यावर ती शहात्तर होती. तिने जेवण जवळजवळ बंदच केलं. मंगळवारी अकरा वाजता तिच्या शाळेतून फोन आला. ती तिथे ग्रंथालय सांभाळते. वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना चढायच्या घोडीवरून खाली कोसळली होती. डोकं आपटलं नव्हतं, पण शुद्ध गेली होती. शाळेसमोरच्या दवाखान्यात नेलंय, लवकर या.

मी हत्यारांची पिशवी बाजारातच टाकून धावलो. चौदा आठवडे टेकडी चढलो होतो त्याचा उपयोग असा झाला. वाटेत एकच डोक्यात होतं. ऑपरेशनच्या टेबलावर मरेल म्हणून घाबरत होतो, आणि मी तिला घरात मारत आणली.

ती बाकावर बसली होती, पाण्याचा पेला हातात धरून. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "रक्तदाब फार खाली आलाय. डॉक्टरांना औषध लिहायला वजन हवं. उभ्या राहा बघू जरा." भिंतीशी काटा होता. मी तिला दंडाला धरून चढवलं. दंड माझ्या मुठीत मावत होता.

"सदुसष्ट," सिस्टर म्हणाल्या.

ती म्हणाली, "चुकलं असेल. पुन्हा बघा."

"अहो, काटा बरोबर आहे. गेल्याच महिन्यात तपासून घेतलाय."

काट्याच्या खांबावर तपासणीची चिठ्ठी चिकटवलेली होती. तारीख, आणि खाली सही. सही माझी होती. बायकोने ती वाचली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली पाहिलं. तेवढ्यात सगळं उमगलं. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही.

सिस्टरनी विचारलं, "घरी किती येत होतं?"

सिस्टरचा भाऊ बाजारात धान्याचं दुकान चालवतो. एक शब्द गेला असता तर संध्याकाळपर्यंत माझी एकतीस वर्षं धुळीला मिळाली असती.

"घरी बरेच दिवस पाहिलंच नव्हतं," बायको म्हणाली. "माझीच चूक."

सिस्टरनी तिला चार शब्द सुनावले. एवढ्या झटकन उतरवलेलं वजन उपयोगाचं नाही, रक्त कमी झालंय, हॉस्पिटलवाले हे पाहून तारीख पुढे ढकलतील, किमान दोन महिने. ती मान हलवत राहिली. दोन महिने म्हणजे मेहुण्यांच्या मशीनच्या पंचवीस-सव्वीस खेपा. ते मी त्यांच्यावर लादले होते, आणि बोलणी ती खात होती.

आम्ही घरी आलो. मला वाटलं, ओरडेल, काटा फेकून देईल, भावाकडे निघून जाईल. तिने हात धुतले आणि खुर्चीत बसली. कित्येक दिवसांनी ती बसलेली दिसली.

"काट्याला किती वेळा हात लावलात?"

"चार वेळा."

"बाजारात कोणाला ग्रॅमभर सोडलं नाहीत कधी. आणि घरात नऊ किलो?"

मी भात लावला. दोन अंडी उकडली. एक अंडं सोलताना फुटलं. ताट तिच्यापुढे ठेवलं आणि उभाच राहिलो. मग बोललो. कसं बोललो ते धड सांगता येणार नाही, पण बोललो. म्हणालो, "मला भीती वाटते. तुला आत नेतील आणि बाहेर येऊन कोणी तरी सांगेल की सॉरी. मी या घरात एकटा काय करू? मला तुझ्याशिवाय एक दिवस काढता यायचा नाही. दादांचं काय व्हायचं ते होवो, असंही माझ्या मनात आलं. आलं, खोटं कशाला सांगू. मी नीच माणूस आहे."

तिने ताट जवळ ओढलं.

"भीती मला वाटत नाही होय?" ती म्हणाली. "त्या जिन्यात शंभर वेळा वरखाली कशाला करत होते मी? घरात बसलं की रडू यायचं म्हणून. आणि तुम्ही नुसते आकडे वाचत होतात."

"मी हे तेव्हाच बोललो असतो, तर थांबली असतीस?"

"नाही."

तिने भाताचा पहिला घास घेतला, हळू चावला, गिळला. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही.

"पण जेवले असते," ती म्हणाली. "उद्या दादाकडे जा. दोन महिने का पुढे गेले, ते तुम्ही सांगायचं. मी बरोबर येणार नाही."