‘बघू’ म्हणायचं नाही

माझे भाऊजी चष्मेवाले. त्यामुळे ‘बघू’ हा शब्द दिवसभर त्यांच्या तोंडात असणं समजण्यासारखं होतं. गिऱ्हाईक आलं की ‘बघू, हनुवटी इथे टेकवा’. काडी वाकली की ‘बघू, इकडे द्या’. घोटाळा असा, की दुकानाचं शटर पडलं तरी हा शब्द काही पडत नसे. लग्नाला येणार का? बघू. भिंतीला रंग काढायचा का? बघू. दाताच्या डॉक्टरने हा दात काढू का म्हणून विचारलं, तेव्हाही तोंडात कापूस असताना ते ‘बघू’ म्हणाले. मी शेजारी उभा होतो.

माझा कारखाना बंद पडला तेव्हापासून मी त्यांच्या दुकानात काउंटरवर बसतो. त्यांच्या शब्दाचे सगळे अर्थ मला पाठ होते. माझ्या ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते ‘बघू’ म्हणाले की त्याचा अर्थ ‘नाही’. माझ्या भाचीला म्हणाले की ‘हो’. लहानपणी तिने सायकल मागितली, हे ‘बघू’ म्हणाले आणि संध्याकाळी सायकल दारात. पोरगी ‘बघू’ ऐकूनच टाळ्या पिटायची. एकाच घरात एक शब्द दोन अर्थांनी नांदत होता, आणि मायलेकी आपापला अर्थ धरून सुखात होत्या, अशी माझी समजूत.

ताई गेली. भाचीने परगावी संसार थाटला होता. ती म्हणाली, “बाबा, आता आमच्याकडेच राहायला या.” भाऊजी काय म्हणाले ते वेगळं सांगायला नको. तिने जुनं घर सोडून मोठं घर घेतलं. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्याची खोली राखून ठेवली, तिला रंग दिला आणि मग फोन केला. महिनाअखेरीच्या रविवारी खोकी घेऊन येते, बांधाबांध करू.

फोन ठेवून भाऊजी मला म्हणाले, “मी कधी हो म्हटलंच नव्हतं.”

“जायचं नाही तुम्हाला?”

“नाही रे. मी तिथे दिवसभर काय करू?”

“मग तिला तसं सांगा.”

“बघू.”

यावर डोकं आपटायला भिंत जवळच होती, पण मला एक बाई आठवल्या. आमच्याच गिऱ्हाईक. त्यांचा चष्मा कधी मिळेल असं त्यांनी विचारलं होतं, भाऊजी ‘बघू’ म्हणाले होते आणि बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, “बघू नावाचा वार नसतो. वार सांगा.” भाऊजींनी मुकाट्याने गुरुवार सांगितला होता. त्या थेरपिस्ट आहेत, हे मला त्यांच्या दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं. आमच्याच गल्लीत, औषधांच्या दुकानावर.

भाऊजींना मी त्यांच्याकडे जायला लावलं, आणि ते जिन्यावरूनच पळून जातील या भीतीने बरोबर गेलो. मला वाटलं होतं तिथे पलंग असेल, मंद दिवा असेल, आणि लहानपणापासून सगळं उकरून काढतील. निघाल्या तीन साध्या खुर्च्या आणि एक पांढरा फळा. भाऊजींनी खाटकासमोर उभं राहिल्यासारखं विचारलं, “मला काय झालंय?”

“काही झालेलं नाही,” बाई म्हणाल्या. “एक गोष्ट शिकायची राहून गेलीय.”

मग त्यांनी आपण होऊन स्वतःबद्दल सांगितलं. आधी त्या पोहायला शिकवत. मुलांना नाही, मोठ्यांना. पन्नाशीचे बँकवाले, आज्या, एक तर जहाजावर नोकरी केलेला माणूस, ज्याला गळ्याच्या वर पाणी चालत नसे. “ही माणसं भित्री नव्हती,” त्या म्हणाल्या. “पाण्यात गेलं की सगळी श्वास धरून ठेवायची. सोडायचा कसा ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि शिकायच्या आधी प्रत्येकजण मला सांगायचा, लहानपणी मला कुणी ढकललं होतं. मी ऐकून घ्यायचे, खोटं नसायचं ते. पण ऐकून झालं तरी त्याला पोहता यायचं नाही.” पुढे त्या मानसशास्त्र शिकल्या, दवाखान्यात काम केलं, रीतसर परवाना घेतला. तरी सवय तीच राहिली. माणसाला आधी तरंगायला शिकवायचं, कुणी ढकललं ते सावकाश बघता येतं.

“बघता येतं, म्हणजे तुम्हीसुद्धा...” मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. माझा विनोद तिथेच वारला.

फळ्यावर त्यांनी तीन उत्तरं लिहिली. हो. नाही. अमक्या वारी सांगतो. चौथं उत्तर महिनाभर बंद, फक्त गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुरती सूट. उत्तर देण्याआधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. आणि उत्तर दिल्यावर तोंड मिटायचं.

सरावाला सुरुवात क्षुल्लक गोष्टींपासून. क्षुल्लक गोष्ट म्हणजे मी. “भाऊजी, चहा?” असं मी विचारलं की ते टायरमधली हवा सोडल्यासारखा फुस्स आवाज काढत आणि म्हणत, “नाही.” पहिल्यांदा मला राग आला. इतकी वर्षं मी विचारतोय, हे बघू म्हणतात आणि मग पितात. त्या दिवशी दोन्ही कप मीच प्यायलो. एका गिऱ्हाइकाने उद्याच चष्मा हवा म्हणून हट्ट धरला. फुस्स. “उद्या नाही. शनिवारी.” मी डोळे मिटून घेतले, आता बोंब होणार. तो माणूस म्हणाला, “बरं,” आणि गेला. भाऊजी बराच वेळ दाराकडे बघत राहिले, तो परत येऊन भांडेल म्हणून.

चहा आणि चष्मा जमला. लेक जमेना. तेव्हा बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, “आज तुम्ही त्यांची मुलगी.” माझ्या मिशा आणि पोट बघता हे धाडसच होतं. पण पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली, तिचं बोलणं मला येतं. मी म्हणालो, “बाबा, तुमची खोली रंगवून झाली. कधी निघायचं?”

“बघू,” भाऊजी म्हणाले.

“परत,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाले, “नाही. मी येणार नाही.” पण लगेच सुरू झाले. गुडघा, तिथलं पाणी, दुकानाची जुनी गिऱ्हाइकं, जावयाला अडचण, मामाचं कसं होणार. मामा म्हणजे मी. माझं कसं होणार हे त्यांच्या कारणांत शेवटी आलं, पण आलं, म्हणून मला बरं वाटलं. ते गेले तर मी त्या दुकानात एकटा पडणार होतो. त्यांनी राहावं असं मलाही वाटत होतं, आणि बाईंकडे नेण्यात माझा तोही स्वार्थ होता.

“बुडालात,” बाई म्हणाल्या. “तुम्ही एक कारण दिलंत की ती त्याच्यावर उपाय काढणार. पाणी बदलू, गुडघ्याला डॉक्टर आहे. मग तुम्ही दुसरं देणार. संध्याकाळपर्यंत तुम्ही तिच्या गाडीत असाल. नाही म्हटल्यावर हातपाय मारायचे नाहीत.”

तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे बघून म्हणाले, “नाही. मला इथेच राहायचंय.” आणि गप्प बसले. मला खरोखर वाईट वाटलं. मी त्यांची मुलगी नव्हतो, ती खोली माझी नव्हती, तरीही.

निघताना जिन्यात मी बाईंना हळूच विचारलं, “ती रडली तर?”

“रडेल,” त्या म्हणाल्या. “रडणं थांबवायला मी शिकवत नाही. तिच्याजवळ थांबायला शिकवते.”

रविवारी भाची दुकानातच आली. गाडीत घडी केलेली खोकी, हातात चिकटपट्टी. सुट्टीचा दिवस, शटर अर्धं खाली. मी काउंटरमागे बसून फ्रेमा पुसत होतो. पुसायची गरज नव्हती. ती आल्या आल्या म्हणाली, “आधी दुकानातलं बांधू की घरचं?”

भाऊजींनी श्वास सोडला. “मी येणार नाही. मला इथेच राहायचंय.”

ती हसली. मामाने काहीतरी शिकवून ठेवलंय असं वाटून तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरून तिला कळलं. चिकटपट्टी तिने काचेवर ठेवली.

“पण तुम्ही बघू म्हणाला होतात.”

“हो.”

“मी घर बदललं, बाबा.”

“माहीत आहे मला. माझं चुकलं. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.”

त्यांच्या ओठांवर गुडघा आलेला मला दिसला. मग पाणी आलं, मग जावई. सगळी कारणं एकेक करून दाराशी आली आणि परत गेली. भाची रडायला लागली. भाऊजी उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. रडू नकोस असं म्हणाले नाहीत. मला वाटलं, पार पडलं. बाईंना पेढे दिले पाहिजेत.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “आईला दुकानात बसायचं होतं, ते माहीत आहे ना तुम्हाला?”

तिने काउंटरकडे बोट केलं.

“इथे. काउंटरवर. तिने तुम्हाला विचारलं, तुम्ही बघू म्हणालात.”

“अगं, पण ताईला कळायचं ना,” मी मध्ये पडलो. “तिला म्हणाले की त्याचा अर्थ ‘नाही’ असायचा. तिला पक्कं ठाऊक होतं.”

“मामा, तुला कुणी सांगितलं?” ती माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. “ती दुपारचं सगळं काम सकाळीच उरकून ठेवायची. मी विचारायचे, आई, एवढी घाई कशाला? तर म्हणायची, ते बघू म्हणालेत, कधी बोलावतील सांगता येत नाही. मी शाळेत होते तेव्हापासून. तू इथे आलास त्यानंतरही. दवाखान्यात नेलं त्या दिवशीसुद्धा ओटा पुसून ठेवला होता तिने.”

भाऊजी म्हणाले, “मला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही ‘नाही’ म्हटलंच नव्हतं.” तिने चिकटपट्टी उचलून पिशवीत टाकली. “मला निदान ‘नाही’ तरी मिळालं.”

मग ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली, आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी काउंटरमागच्या खुर्चीत बसलो होतो. मला कुणी ऊठ म्हणालं नाही, पण तिथे बसवेना.