कात्रीच्या तालावर

सलूनच्या मोठ्या आरशात गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसायची सोय उरली नव्हती. जर्मन नामांच्या विभक्त्यांचा तक्ता बायकोने बरोब्बर मधोमध चिकटवला होता, आणि काढायला सांगायची सलूनवाल्याची काय बिशाद! बायको नर्स. परदेशातल्या इस्पितळात नोकरी ठरलेली, फक्त भाषेची परीक्षा आडवी येत होती. दोनदा आपटी खाऊन झाली होती. यंदाही नापास झाली, तर जागा दुसरीला जाणार होती.

"चार विभक्त्यांना काय घाबरतेस?" तो म्हणायचा. "आम्ही शाळेत आठ घोकल्या. स, ला, ते, स, ला, ना, ते. छडीच्या तालावर."

छडीच्या जागी आता कात्री आली. तो केस कापायचा आणि ती ड्यूटीवरून येऊन बाकावर बसून चारही विभक्त्या घोकायची: डेर, डेन, डेम, डेस. ती अडली की कात्रीही थांबायची, मग गिऱ्हाईक अर्धं कापलेलं का असेना. नेहमीचे पेन्शनर काका म्हणायचे, "येतो दाढीला आणि नपुंसकलिंग पाठ करून जातो."

सगळ्यांना गंमत वाटायची. तो मात्र मनात हिशेब करायचा. ती पास झाली की जाणार, आणि आपण इथे लोकांचे गाल खरवडत बसणार. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. उलट कात्री जास्तच जोरात चालवली.

निकालाच्या दिवशी काकांचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. ती धापा टाकत आत आली.

"अहो, पास झाले. तोंडी परीक्षेत अडले होते, पण टेबलाखाली बोटांनी कात्री चालवली आणि आलं की सगळं धडाधड."

त्याने वस्तरा धुतला, पुसला आणि परत धुतला. "कधी निघणार तू?" वस्तऱ्याकडे बघतच त्याने विचारलं.

"तू काय? आपण. बरोबर यायचं तर नवऱ्यालाही परीक्षा द्यावी लागते, जरा सोपी असते. मी एकटी जाणार नाहीये, सांगून ठेवते."

तिने त्याला शेजारच्या खुर्चीत तक्त्याकडे पाठ करून बसवलं, कात्री उचलली आणि हवेतच कचकच सुरू केली. "हं, म्हणा."

"डेर," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. पुढचं काही केल्या आठवेना. कात्री थांबली.

"डेन," फेसातून काका म्हणाले.