घासलेले बुंधे

बातमी आली त्या शनिवारी मी दोरीवरचे कपडे काढत होतो. बागेचे मुकादम दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात माझ्या बायकोचा डबा होता.

"भाऊ, जरा बसा," ते म्हणाले.

"डबा विसरली होय ती?" मी विचारलं. त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला, तेव्हा मी बसलो.

जेवणाच्या सुट्टीत ती एका झाडाला टेकून बसली होती. सगळ्यांना वाटलं डोळा लागलाय. सुट्टी संपल्यावर उठवायला गेले तर ती गेलेली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात मी तिचा हात हातात घेतला तर उजव्या हाताची बोटं पांढरी झाली होती, खडूने. मी रुमाल काढून ती पुसली.

ती बावीस वर्षं त्या बागेत कामाला होती. मी एकतीस वर्षं कपबश्यांच्या कारखान्यात होतो, तपासणीच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नव्हती. लाकडी दांडीने कप वाजवायचा आणि ऐकायचं. चांगला कप खणखणीत वाजतो, आत तडा असेल तर बद्द. बद्द वाजला की बुडाला खडूने गोल काढायचा आणि त्यातून आडवी रेघ ओढायची. माझं काम एवढंच. पुढे कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मुकादमांनी विचारलं, तिच्या जागी येता का. मी म्हटलं, मला एका झाडापासून दुसरं ओळखता येत नाही. लेक शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "बाबा, भिंत पाहून पाहून तुम्हाला ती पाठ झाली असेल. आता झाडं पाठ करा." म्हणून मी गेलो.

पहिले पंधरा दिवस नुसतं हसं झालं. उन्हाने मान सोलली. पाण्याची नळी उलटी धरून मी स्वतःलाच भिजवलं. रोपांकडे एक म्हाताऱ्या बाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. माझं खुरपं धरणं बघून त्या म्हणाल्या, "अहो कपबशी, चहा ढवळताय का?" तेव्हापासून बागेत माझं नाव कपबशीच पडलं.

तिसऱ्या आठवड्यात वरचे साहेब बाग बघायला येणार होते. मुकादम म्हणाले, "बुंधे घासून काढा. पोरांनी सगळं रंगवून ठेवलंय." मला हे काम जमण्यासारखं वाटलं. बादली घेतली, ब्रश घेतला आणि दोन दिवसांत एकशे चाळीस झाडांचे बुंधे घासले. पोरांची नावं होती, बाण होते, बदामही होते. काही ठिकाणी अगदी खाली, मुळांजवळ, वाटेवरून दिसणार नाहीत अशा बाजूला खडूचे गोल होते. पोरांचाच खेळ समजून तेही घासले. एवढ्या बारकाईने आजवर कुणी घासलं नव्हतं, असं मुकादम साहेबांसमोर म्हणाले. मला बरं वाटलं. घरी जाऊन मी ते लेकीलाही सांगितलं.

त्यानंतर आठ दिवसांनी, भर दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना कारंज्याजवळचं मोठं झाड पडलं. आधी करकर झाली नाही, काही नाही. एकदम धाडकन आवाज आला. खालचं बाकडं चेपून पत्र्यासारखं सपाट झालं. बाकड्यावर कुणी नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी एक बाई तिथे बाळाला भरवत होती.

मी धावत गेलो. खोड आतून इतकं पोकळ होतं की माझा हात खांद्यापर्यंत गेला. मुकादम आले आणि माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

"वहिनी म्हणाल्या होत्या. तीन झाडं आतून गेलीत, लाकडी मोगरीने ठोकून बघितलीत, असं त्या शुक्रवारी म्हणाल्या. मी म्हटलं, सोमवारी दाखवा."

"मग?"

"मग शनिवारी त्याच गेल्या. माझ्या डोक्यातून निघून गेलं, भाऊ."

"कुठली तीन, ते नाही सांगितलं?"

"खूण करून ठेवते म्हणाल्या होत्या."

मी पडलेल्या खोडापाशी गुडघ्यांवर बसलो. मुळाजवळ सालीला खोल भेग होती, ब्रश पोचला नव्हता अशी. तिच्यात अर्धा गोल शिल्लक होता, आणि त्यातून गेलेली आडवी रेघ. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, स्वयंपाकघरात चमच्याने घरातले कप वाजवून मीच तिला हे शिकवलं होतं. ती हसून म्हणाली होती, "आता सासूबाईंचं डोकंही वाजवून बघते."

मुकादमांनी त्याच दिवशी वर कळवलं. उत्तर आलं, धोकादायक झाडांचे क्रमांक लिहून पाठवा, माणूस येऊन तोडून जाईल. क्रमांक नसतील तर अख्खी बाग बंद ठेवायला सबळ कारण द्या. कारण म्हणून काय लिहिणार? बुंधे घासायला त्यांनी सांगितलं आणि घासले मी. आम्ही कारण कळवलंच नाही.

तेव्हापासून मी मोगरी घेऊन ठोकतोय. सकाळी बाग उघडायच्या आधी आठ-दहा झाडं होतात. प्रत्येकाला चारी बाजूंनी, गुडघ्याच्या उंचीवर आणि छातीच्या उंचीवर. मावशी म्हणतात, "कपबशी, झाडं दार उघडणार नाहीत." मी हसतो. अवजारांच्या खोलीमागचं एक झाड बद्द वाजलं. ते दुसरं. मुकादमांनी त्याचा क्रमांक पाठवला, त्याच्याभोवती दोर बांधला.

पण झाड म्हणजे कप नाही. पाणी प्यायलेलं झाड भरीव वाजतं, सुकलेलं वेगळं वाजतं. ती ज्या झाडाला टेकून गेली ते मी पहिल्याच दिवशी ठोकलं होतं. चांगलं वाजलं. मागच्या आठवड्यात पुन्हा ठोकलं तर आवाज थोडा बसल्यासारखा वाटला. काल पुन्हा चांगला वाटला. एकतीस वर्षांत एकाही कपाने मला असं फसवलं नव्हतं.

लेक रोज संध्याकाळी पोराला घेऊन त्याच झाडाखाली येऊन बसते. परवा मी म्हटलं, "इथे नको बसूस, मुंग्या आहेत."

"आईची जागा आहे ही, बाबा. मुंग्यांना सांगा."

"ऐक माझं. तिकडे बस."

"तुम्ही हल्ली मला सारखं इकडून उठवून तिकडे बसवता. झालंय काय?"

"काही नाही," मी म्हटलं. ती उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. त्या बाकावरही एका झाडाची सावली होती. ते झाड मी अजून ठोकलेलं नव्हतं. मी मोगरी आणायला गेलो आणि परत आलो तोवर पोर मुळांवर चढून खेळत होतं. लेकीसमोर ठोकायला मला धीर झाला नाही. ती आईची लेक आहे, बघताक्षणी ओळखेल.

हवा बदलायला लागली आहे. दुपारनंतर वारा सुटतो आणि सगळ्या फांद्या एकदम हलतात. मी वाटेवर उभा राहून ऐकत असतो.

एकशे नऊ झाडं झाली, तीस राहिली आहेत. तिसरं झाड अजून सापडलेलं नाही. आणि बुंध्यांवरून मी काय घासून टाकलं, हे मी लेकीला अजून सांगितलेलं नाही.